शेळी एका खात्याची, बाई दुसऱ्या खात्याची

माननीय पशुसंवर्धनमंत्री महोदय,

या पत्राची प्रत आरोग्यमंत्र्यांनाही पाठवली आहे. विषय दोघांत विभागला गेलाय, तेच तर दुखणे आहे.

कळपातली शेळी गाभडली की आधी धावते घरची बाई. उघड्या हातांनी वार ओढते, मेलेले करडू उचलून लांब टाकते. त्या वारेत शेळीला गाभडवणाऱ्या ब्रुसेल्ला रोगाचे जंतू खच्चून भरलेले असू शकतात. काही आठवड्यांनी तिला ताप येतो. चढतो, उतरतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, सांधे धरतात. दवाखान्यात मलेरिया किंवा टायफॉइड समजून पाच दिवसांच्या गोळ्या देतात. ब्रुसेल्लाला दोन प्रतिजैविके निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. ‘घरची शेळी गाभडली होती का?’ एवढे कुणी विचारले असते तरी संशय आला असता. पण शेळी तुमच्या खात्याची आणि बाई शेजारच्या!

आफ्रिकेतल्या चाडमध्ये भटक्या पशुपालकांच्या तळांवर गेलेल्या संशोधकांना मुलांपेक्षा गुरांचेच लसीकरण जास्त झालेले दिसले. गुरांचे डॉक्टर तळापर्यंत पोहोचत होते, मुलांची लस पोहोचत नव्हती. मग दोन्ही पथके एकत्र निघाली. गाडी एक, शीतपेटी एक. आपल्याकडून मला एवढेच हवे आहे. करडांना ब्रुसेल्लाची रेव्ह-१ लस द्यायला आपले पथक निघेल, तेव्हा आरोग्यसेविका त्याच गाडीत असावी. राखणीच्या कुत्र्यांना रेबीजची लस आणि जंताचे औषधही त्याच फेरीत देता येईल.

फाशीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, प्रकरण अधिक अवघड आहे. मेलेले जनावर कापले की जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू बनतात आणि मातीत कित्येक दशके टिकतात. म्हणून आम्ही सांगतो : कापू नका, कातडे काढू नका, खोल पुरा. एकदा असेच सांगत असताना एका पशुपालकाने मला विचारले, “आणि त्याचे पैसे कोण देणार?” मी गप्प बसलो. भरपाई नसेल तर मेलेले जनावर गुपचूप कापले जाणारच, आणि मी त्याला दोष देणार नाही. भरपाई महिन्यांनी मिळणार असेल, तर ती नसल्यासारखीच.

पशुपालकांना यातले काही कळत नाही, असे बैठकांमध्ये फार ऐकतो. बुळकांडी हा गुरांचा रोग २०११ साली जगातून संपल्याचे जाहीर झाले. दुर्गम चराऊ प्रदेशांत ते जमले, कारण उन्हात टिकणारी लस निघाली आणि ती टोचायला त्याच समाजातली प्रशिक्षित माणसे पुढे आली. कोणते जनावर कशाने आजारी आहे, हे त्यांना लांबूनच ओळखता येई. तशी माणसे नेमा, त्यांना मानधन द्या, आणि गाभडलेल्या शेळीची खबर त्यांच्याकडून दोन्ही खात्यांना एकाच दिवशी मिळू द्या.

कळप पाण्यावर कधी आणि कुठे एकत्र येतात, हे पशुपालकांना विचारून लसीच्या फेरीची तारीख ठरवावी. शेळ्या गाभण राहायचा हंगाम सुरू व्हायच्या आधीची; गाभण शेळीला रेव्ह-१ लस दिली तर तीच गाभडू शकते.

आपला,
एक पशुवैद्यक