हॉस्पिस बघायला जाल तेव्हा रात्रीचं विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हल्ली "पॅलिएटिव्ह केअर", "हॉस्पिस", "एंड ऑफ लाईफ केअर" असे बोर्ड लावलेली सेंटर्स दिसायला लागली आहेत, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्या पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी ठेवून शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या जागा, जाहिराती पण येतात, एसी रूम, बाग, भजनाचा हॉल, सात्त्विक जेवण, चोवीस तास स्टाफ वगैरे. गरज आहे यात वादच नाही, घरं लहान, नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलं परगावी नाहीतर परदेशात, आणि हॉस्पिटलने "आता घरी न्या" म्हटलं की त्या माणसाला घेऊन जायचं कुठे हा प्रश्न कुठल्याही घरात येऊ शकतो. पण यातलं चांगलं कुठलं हे ओळखायचं कसं यावर फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. लांबलंय, पण शक्य झाल्यास पूर्ण छापा.

वडिलांना तोंडाचा कॅन्सर होता, ऑपरेशन, रेडिएशन सगळं होऊन परत उलटलेला, जबड्यापर्यंत गेलेला. यापुढे उपचार नाहीत असं मोठ्या हॉस्पिटलने सांगितल्यावर आम्ही त्यांना शहरातल्याच एका सेंटरमध्ये ठेवलं. नाव देत नाही, कारण प्रश्न एका सेंटरचा नाहीये. जागा स्वच्छ, बोलायला सगळे गोड, भिंतीवर रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट. दिवसा सगळं ठीक असायचं. रात्री दुखणं वाढलं की ड्यूटीवरच्या मुलीकडे पॅरासिटामॉलची सलाईन आणि ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन यापलीकडे काही नसायचं, ती बिचारी नर्सपण नव्हती, ब्युरोकडून आलेली अटेंडंट होती, आणि डॉक्टर फोनवर. एका रात्री तो फोनच लागला नाही. वडील गादीची कड मुठीत धरून कण्हत होते, आणि पहाटे आम्हाला सांगण्यात आलं की पेशंट सिरियस आहे, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि आयसीयूत हलवा. ज्या माणसाला आयसीयू नको म्हणूनच इथे आणलं त्यालाच आयसीयू! नंतर कळलं की त्या सेंटरमध्ये मॉर्फिनची, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या अफूपासून बनणाऱ्या औषधाची, एक गोळीसुद्धा नव्हती.

आता हे मॉर्फिनचं जरा सविस्तर लिहितो कारण माझ्या मते हॉस्पिस चांगलं की वाईट याचा निम्मा निकाल इथेच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्येच कॅन्सरच्या दुखण्यासाठी पायऱ्या ठरवून दिल्या, कमी दुखत असेल तर पॅरासिटामॉलसारखी औषधं, मग त्याच्या वरची, आणि तीव्र दुखणं असेल तर मॉर्फिन. तोंडाने घ्यायची साधी मॉर्फिनची गोळी महाग नाही. पण आपल्याकडे 1985 चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि त्यात एवढी लायसन्स आणि एवढे कागद लागायला लागले की हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं, डॉक्टरांच्या पिढ्या ते न वापरता तयार झाल्या. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेली संस्था ते ठेवू शकते अशी सोपी पद्धत आली. त्यामुळे "कायदा कडक आहे हो, आम्हाला ठेवता येत नाही" असं कोणी सांगत असेल तर त्याचा अर्थ इतकाच की त्यांनी मान्यतेसाठी अर्ज केलेला नाही.

आणि नुसतं कपाटात असून पण उपयोग नाही, द्यायचं कसं ते माहीत पाहिजे. साधी गोळी असेल तर साधारण दर चार तासांनी, घड्याळ बघून, पेशंट ओरडायची वाट न बघता. मध्येच दुखणं उसळलं तर जादा डोस लिहून ठेवलेला पाहिजे, म्हणजे रात्रीच्या नर्सला कोणाला उठवायला नको. पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध सोबत पाहिजेच, मळमळ आणि झोप चार दिवसांत कमी होते पण बद्धकोष्ठ आपोआप जात नाही आणि त्याने माणूस वेगळाच हैराण होतो. नाकातून नळी असेल तर साधी गोळी कुटून देता येते पण हळूहळू विरघळणारी गोळी कुटायची नसते, सगळा डोस एकदम अंगात जातो. हे सगळं मला आधी माहीत नव्हतं, नंतर घरी येणाऱ्या नर्सने शिकवलं. व्यसन लागेल म्हणून नातेवाईकच घाबरतात हेही खरं, आमच्या आत्याने तर "मॉर्फिन म्हणजे संपवणंच की" म्हणून रडारड केली होती, तिला समोर बसवून नीट समजावून सांगणं हेसुद्धा त्या नर्सच्या टीमचंच काम असतं आणि त्यांनी ते केलं.

तर वडिलांना आम्ही त्या पहाटे आयसीयूत नेलं नाही, घरी आणलं, आणि होमकेअर देणारी एक संस्था मिळाली. नर्स आली, तिने पहिला प्रश्न वडिलांनाच विचारला, शून्य ते दहामध्ये आत्ता किती दुखतंय, त्यांना बोलता येत नव्हतं तर बोटांनी आठ दाखवले, ते तिने लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन परत विचारलं. आधीच्या सेंटरच्या फाईलमध्ये बीपी, शुगर, टेम्परेचर रोजचं होतं, दुखण्याचा आकडा एकदाही नव्हता. म्हणून सांगतो, कुठलंही सेंटर बघायला जाल तर एखादा कोरा चार्ट मागा आणि त्यावर दुखण्याचा कॉलम आहे का बघा.

जखमेला वास यायचा. हे लिहायला बरं वाटत नाही पण ज्यांच्या घरात तोंडाचा कॅन्सर झालाय त्यांना कळेल, वासामुळे माणसं खोलीत यायची बंद होतात, पेशंटला ते समजतं आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. सेंटरमध्ये रूम फ्रेशनर मारायचे. या नर्सने मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाच्या गोळ्यांची पूड करून ड्रेसिंग करताना जखमेवर टाकायला शिकवलं, काही दिवसांत वास बराच कमी झाला आणि नातवंडं आजोबांजवळ बसायला लागली. दर दोन तासांनी कूस बदलणं, हवेची गादी, ओल्या कापसाने तोंड पुसणं, शेवटी शेवटी घशात घरघर सुरू झाली तेव्हा पाईप घालून सक्शन करत न बसता कुशीवर वळवणं आणि घरघर कमी करायचं इंजेक्शन कातडीखाली देणं, यातलं काहीच महागडं नाही, पण ज्याला शिकवलंय त्यालाच येतं. म्हणून डॉक्टर-नर्सचं पॅलिएटिव्हचं ट्रेनिंग कुठे झालं ते स्पष्ट विचारा, लाजू नका. या विषयात आता एमडी करता येतं, टाटा मेमोरियलला 2012 पासून आहे, अर्थात असे डॉक्टर थोडेच, पण इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचे छोटे कोर्स पण असतात, निदान तेवढं तरी झालेलं असावं.

अजून एक विचारा. शेवट जवळ आल्यावर तुम्ही काय करणार? सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे माणसाने आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. चांगलं सेंटर ॲडमिशनच्या वेळीच पेशंटशी, तो बोलू शकत असेल तर त्याच्याशीच, हा विषय काढतं, व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको, हे लिहून घेतं आणि रात्रपाळीवाल्यांपर्यंत पोचवतं. आणि घरी मृत्यू झाला तर डॉक्टरचं सर्टिफिकेट कोण देणार हे पण आधीच विचारून ठेवा, नाहीतर पहाटे चार वाजता घरात माणूस गेलेला आणि मुलगा डॉक्टर शोधत गल्लोगल्ली फिरतोय असं होतं, ते मी शेजारच्यांकडे बघितलंय.

लोक म्हणतील गुगलवर रिव्ह्यू बघायचे. पण विचार करा, ज्याला भोगावं लागलं तो रिव्ह्यू लिहायला राहत नाही. घरचे तेराव्यापर्यंत पाहुण्यांत, मग बँक, पेन्शन, वारसाचे कागद, आणि खरं सांगायचं तर त्या रात्रीची आठवण कोणालाच काढायची नसते, आमची आई आजही त्या सेंटरच्या रस्त्याने रिक्षा नेऊ देत नाही. त्यामुळे तक्रार होत नाही, आणि तक्रार नाही म्हणजे सगळं छान चाललंय असं धरलं जातं. अमेरिकेत यावर उपाय केलाय, 2015 पासून तिथे पेशंट गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी घरच्यांना सरकारी प्रश्नावली जाते, दुखण्यावर हवी तेवढी मदत मिळाली का, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी बोलावल्यावर कोणी आलं का, नीट माहिती दिली का, आणि हॉस्पिसनुसार निकाल जाहीर होतात. एवढं आपल्याला का जमू नये कळत नाही.

कारण चांगलं काम कसं असतं हे आपल्याला बाहेर जाऊन बघावं लागत नाही. मुंबईत बांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. आपल्या वारज्यात सिप्लाचं सेंटर 1997 पासून कॅन्सर पेशंटना मोफत सेवा देतंय. पण अशा ठिकाणी बेड किती असणार, आणि ती मुख्यतः कॅन्सरसाठी. फुफ्फुस निकामी झालेले, डायलिसिस सोडलेले, डिमेन्शियाचे, हे पेशंट कुठे जाणार, तर ज्यांच्यावर कोणाचं लक्ष नाही अशा सेंटर्समध्येच. केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्हचं धोरण आणलं आणि पंचायतींतर्फे नर्स घरोघरी जातात. महाराष्ट्राने पण 2012 मध्ये धोरण आणलं, ते आमच्या वॉर्डात मला तरी कुठे भेटलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की जगात दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना ही सेवा लागते आणि त्यातल्या जेमतेम 14 टक्क्यांना मिळते. त्यात जी मिळते ती पण अशी नावापुरती असेल तर काय बोलायचं.

पालिकेच्या आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की हॉस्पिस किंवा पॅलिएटिव्ह असा बोर्ड लावणाऱ्या प्रत्येक सेंटरकडून दरवर्षी थोडी माहिती घ्या. मॉर्फिन ठेवायची मान्यता आहे का, वर्षात किती दिवस स्टॉक संपलेला होता, रात्री किती पेशंटमागे किती क्वालिफाईड नर्स, शेवटच्या दिवशी किती पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलला हलवले, आणि गेलेल्या पेशंटच्या घरच्यांना पालिकेच्याच माणसाने दोन महिन्यांनी फोन करून काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं. हे वेबसाईटवर टाका, मराठीत.

आणि संपादकसाहेब, तुमच्याकडे पण एक मागणं आहे. तुमच्या बातमीदाराने शहरातल्या अशा प्रत्येक सेंटरला रात्री अकरानंतर फोन करून एवढंच विचारावं की आत्ता ड्यूटीवर कोण आहे आणि मॉर्फिन आहे का. जी उत्तरं मिळतील ती सेंटरच्या नावासकट छापा.

आपला,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे