ईईजीच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, साहेब?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मुलीच्या हातातून सकाळी कप का उडतो, हे कळण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि. मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. काल मुलीला घेऊन सिव्हिलला गेले होते. फेब्रुवारीत केसपेपरवर ईईजीसाठी, म्हणजे मेंदूचा आलेख काढायच्या तपासणीसाठी, कालची तारीख टाकून दिली होती. आदल्या रात्री तिला झोपू द्यायचं नाही, असं सांगितलेलं. म्हणून मायलेकी रात्रभर जाग्या. पहाटे साडेपाचची एसटी. (अर्धं तिकीट. त्याबद्दल आभार, ते राहायला नको.) पोचलो तर खोलीला कुलूप. टेक्निशियनचा करार मार्चमध्येच संपला म्हणे. शिपाई म्हणाला, "बाहेरून करून आणा." बाहेर म्हणजे समोरच्या गल्लीत, अडीच हजार रुपये.

मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावीला. दिवाळीपासून सकाळी उठल्यावर तिचा हात अचानक उडतो. पहिल्यांदा चहाचा कप भिंतीवर गेला तेव्हा धसमुसळी म्हणून मी पाठीत धपाटा घातला. तो धपाटा मला अजून झोपू देत नाही. मग एकदा तिची वेणी घालत होते, तिच्या हातातला आरसा उडाला आणि खांद्याचा तो झटका माझ्या बोटांना लागला. शुद्ध असते, बोलत असते. म्हणते, "आई, करंट बसल्यासारखं झालं." नऊ वाजले की काही नाही. रात्री जागून अभ्यास केला की दुसऱ्या दिवशी जास्त. कधी बोलता बोलता चार-पाच सेकंद नजर एका जागी थांबते, मग विचारते, "काय म्हणालीस?"

शाळेतल्या बाई म्हणाल्या, लक्ष नसतं. सासूबाई म्हणाल्या, चप्पल हुंगवा. आरोग्य केंद्रात कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या. तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरांनी कार्बामाझेपिन ही आकडीवरची गोळी लिहून दिली, तर तीन आठवड्यांत झटके वाढले. शेवटी उसने पैसे घेऊन मोठ्या शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, या वयात सकाळी झटके येणारी एक प्रकारची आकडी असते; ती असेल तर याच गोळीने त्रास वाढू शकतो. नसेलही. रात्र जागवून ईईजी काढून आणा, आणि एक रिपोर्ट चांगला आला म्हणून आकडी नाही असं समजू नका. साहेब, सात महिन्यांत एवढं सरळ बोलणारा हा पहिला माणूस, आणि तोही ज्या कुलपापुढे पाठवतो ते तुमचं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. वय शून्य ते अठरा, तीस आजार, त्यात आकडीही आहे. मला पाठ आहे, कारण वर्षातून दोनदा तपासणीचं पथक येतं तेव्हा मुलांना रांगेत मीच उभी करते. मुलीच्या शाळेत पथक जानेवारीत आलं, दुपारी एक वाजता. तिच्या कार्डावर सगळं ठीक. सकाळी आठचं दुखणं दुपारी एकच्या पथकाला कसं दिसणार?

आणि १७ नोव्हेंबर! राष्ट्रीय अपस्मार दिन, म्हणजे याच आकडीचा. आम्हा सेविकांच्या हातात फलक देऊन तालुक्यात रॅली काढली. शंभरातले सत्तर रुग्ण औषधांनी नीट राहू शकतात, असं व्यासपीठावरून सांगितलं, आणि तपासणीची सोय जिल्ह्यातच आहे, काळजी नको, हेही. त्याच आठवड्यात माझ्या घरी कप फुटला होता. मी फलक धरून टाळ्या वाजवत होते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून तुमच्या खात्याच्या दवाखान्यांत सगळं मोफत आहे. खरं आहे, कुलपाकडे बघायचे पैसे कोणी घेतले नाहीत. जन आरोग्य योजनेचं कार्ड दाखवलं तर काउंटरवर म्हणाले, ॲडमिट असेल तरच चालतं. माझी मुलगी स्वतःच्या पायांनी चालत आली, ही तिची चूक. मेडिकल कॉलेजला न्यायचं म्हटलं तर ते खातं वेगळं, मंत्री वेगळे. मेंदू तेवढा एकच आहे हो तिला. देशात अपस्माराचे एक कोटीच्या वर रुग्ण, आणि मेंदूचे डॉक्टर म्हणे तीन हजारसुद्धा नाहीत. आकडा चुकला असेल तर दुरुस्त करा, तुमच्याकडे त्यासाठी माणसं आहेत. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर एका बाळाचं वजन उशिरा भरलं तर मला नोटीस येते. मार्चपासून यंत्र बंद आहे, नोटीस कोणाला गेली?

नातेवाइकांना वेगळीच चिंता. "बोभाटा करू नको, उद्या लग्न आहे." हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अडथळ्यांतून अपस्माराचा शब्द १९९९ साली काढला, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा प्यायले.

म्हणून हे पत्र उघडं लिहिते. आहे की नाही, एवढंच मला हवंय. असेल तर बरोबर गोळी सुरू करू, नसेल तर दुसरीकडे शोधू.

नवी तारीख मागितली तर रजिस्टरवाले जेवायला गेले होते. मंगळवारी परत येते. म्हणजे सोमवारची रात्र पुन्हा जागायची, आणि बुधवारी तिची चाचणी आहे. किल्ली कोणाकडे असते तेवढं त्याआधी कळवा.

आपली,
एक अंगणवाडी सेविका