त्या कागदावर काय लिहू?

पुणे
रविवार, रात्र

प्रिय मुक्ते,

दिवाळीपासून तुला नुसते अंगठे पाठवतेय, तेव्हा तू तोंड फुगवून बसली असशीलच. बस. फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र. मी बरी आहे, थोडी सर्दी आहे. आता मुद्दा.

आमच्या मॅडमनी सगळ्यांना कोरा कागद दिलाय: जूनमध्ये गणितात कुठे होतात, आज कुठे आहात, वर्षअखेर कुठे पोचायचंय. वर्गाने तासातच 'नव्वदच्या वर' लिहून हात झटकले. माझा कागद अजून कोरा. आईला विचारलं तर म्हणेल, तूही तेच लिही नि झोप.

झालं असं, की सिरीज चालू झाल्या. १ + १/२ + १/३ + १/४ असं मिळवत जायचं. पदं शून्याकडे जातात, म्हणजे बेरीजही कुठेतरी थांबणार ना? हजार पदांची बेरीज साडेसातच्या आत. दहा लाख पदं घेतली तरी साडेचौदाच्या आतच (ती लॅबमधल्या पायथनने केली, मी नाही). म्हटलं, पंधराच्या आसपास हिचा दम संपणार. तर मॅडम म्हणाल्या, ही कुठेच थांबत नाही, का ते शोधून या.

मुक्ते, मी पुस्तक उघडलं नाही. मी! अख्खी संध्याकाळ वहीत खाडाखोड. मग सुचलं: १/३ आणि १/४, दोन्ही १/४ च धर, तरी अर्धा झाला. १/५ ते १/८, चारही १/८ धर, पुन्हा अर्धा. पुढची आठ पदं, पुन्हा अर्धा. अर्धे संपतच नाहीत, फक्त मेसच्या पोळीसारखे उशिरा येतात! दुसऱ्या दिवशी कळलं, ओरेम नावाच्या फ्रेंच माणसाने हे चौदाव्या शतकातच करून ठेवलंय. चालायचंच.

आणि त्याच आठवड्यात इंटर्नलचे मार्क लागले. २० पैकी ११.

बारावीत ९६ होते गं. तेव्हा इंटिग्रेशनची सूत्रं झोपेतही म्हणायचे आणि कळत कशाचं काहीच नव्हतं. आता एप्सिलॉन (कितीही लहान फरक) दिला की एन (कितव्या पदानंतर त्या फरकाच्या आत राहतो ते) कुठून काढायचा ते कळतं, पण पेपरात मांडेपर्यंत घंटा होते. मग मी पुढे गेले की मागे?

आठवीत तू 'ऋण गुणिले ऋण धन का' विचारलंस आणि तासभर उभी राहिलीस. परतताना मला पोपट म्हणालीस, मग कट्टी. मी आजही म्हणते, चाचणीच्या आदल्या दिवशी 'का' विचारायचं नसतं. आणि फार शहाणपणा नको, देवळालीच्या गणितज्ञ कापरेकरांचं ६१७४ आठवतंय? चार अंक, सगळे सारखे नकोत, त्यांच्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा, उत्तराच्या अंकांचं परत तेच, जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४. त्यावर पैजा लावून तू अख्ख्या वर्गाची बोरं खाल्लीस. बोरं मिळत होती तोवर तुलाही 'का' पडला नव्हता.

सिनियर म्हणतात, जॅम ही प्रवेशपरीक्षा दे, आयआयटीत एम.एस्सी. कर. पेपर तीन तासांचा, प्रश्न ६०. एकाला तीन मिनिटं! माझी एक बेरीज संध्याकाळ खाते. काका म्हणतात बी.एड. कर, नाहीतर बँकेच्या परीक्षा आहेतच. मला खरं तर एवढंच लिहायचंय, की वर्षअखेर दुसरी एखादी सिद्धता पुस्तक न उघडता जमावी. पण याला ध्येय म्हणतात का? मॅडम कागद वर्गात वाचून दाखवणार असतील तर? आणि नुसत्या एवढ्यावर पुढे पोट कसं भरायचं, हे तर मी काकांना विचारूही शकत नाही, ते उत्तर देत बसतील. तुला काय वाटतं ते लिही, पण 'तुला आवडेल ते कर' असलं काही लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझा इंजिनिअरिंगचा एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) निघाला का? त्यातला लाप्लास अडला असेल तर सुट्टीत बसू, मीही शिकेन. आजीचा गुडघा कसा आहे? वर्कशॉपमध्ये हात सांभाळ. आणि माझी निळी ओढणी तुझ्याकडेच आहे, नाही म्हणू नकोस, गॅदरिंगच्या फोटोत दिसली.

तुझी,
शुभी