नॅनोकण घालण्याआधी साखळ्या मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्लास्टिकमध्ये नॅनो सिलिका (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण) घातली की माल आपोआप कडक होतो, हा समज चिंचोळी एमआयडीसीपासून अभियांत्रिकीच्या प्रकल्पांपर्यंत दिसतो. तो अर्धवट आहे. उघडी, म्हणजे कसलाही लेप नसलेली सिलिका पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल (OH) गटांमुळे एकमेकींना धरून बसते. पॉलिस्टायरीनसारख्या प्लास्टिकमध्ये तिच्या गाठी होतात, पारदर्शक पत्रा दुधाळ दिसतो आणि तडाही बहुधा गाठीपासूनच सुरू होतो. मिसळणाऱ्या यंत्राचा स्क्रू कितीही फिरवा, सगळ्या गाठी सुटत नाहीत.

म्हणून कणांवर पॉलिमरच्या साखळ्या, म्हणजे प्लास्टिकचेच लांबलचक रेणू, एका टोकाने रुजवतात. पण किती? 14 नॅनोमीटर व्यासाच्या कणाचे क्षेत्रफळ सुमारे 615 चौरस नॅनोमीटर. दर चौरस नॅनोमीटरला 0.05 साखळी धरली, तर कणावर जेमतेम 30 साखळ्या. मधली जागा उघडीच राहते आणि कणांच्या माळा किंवा थर होऊ शकतात. 0.5 धरली तर 300. कण झाकला जातो, पण भोवतालच्या पॉलिमरची साखळी रुजवलेल्या साखळीपेक्षा कितीतरी लांब असेल तर ती या दाट झुपक्यात शिरत नाही. रसायन एकच, तरी कण भोवतालच्या पॉलिमरपासून वेगळे पडतात! तेव्हा पुरवठादाराला दोन्ही साखळ्यांचा रेणूभार विचाराच; त्यावरून लांबी कळते. नुसत्या ग्रेडच्या नावाने काही कळत नाही.

मोजणीतही गफलत होते. न चिकटलेले पॉलिमर टोल्युइनने धुऊन, वेगाने सेंट्रिफ्यूज करून काढावे. वरचा द्रव मिथेनॉलमध्ये टाकल्यावर गढूळ होईनासा झाला, म्हणजे सुटे पॉलिमर उरले नाही, की मगच कण नायट्रोजनमध्ये तापवून साखळ्या उडून गेल्याने झालेली वजनातली घट पाहावी. नाहीतर साखळ्यांचा आकडा फुगतो.

आपला,
पॉलिमर विषयाचा एक अध्यापक, सोलापूर