ओजूच्या झोपेबद्दल, सुट्टीआधी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

ओजू शुक्रवारी दादाबरोबर तुमच्याकडे येतोय. फोनवर आई तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहून पाठवते.

त्याच्या रात्रीच्या चुळबुळीचं कारण सापडलं. गणपतीत पाहिलंत ना, गाढ झोपेतही पाय घासत राहायचा, पांघरूण लाथाडायचा आणि सकाळी डोकं पायथ्याशी! तू जंत म्हणालीस. डॉक्टरांनीही आधी तेच विचारलं, रात्री शीच्या जागी खाजवतो का. ते बारीक पांढरे जंत रात्रीच बाहेर येऊन अंडी घालतात. पण खाज नव्हती, आणि फेब्रुवारीत बालवाडीत गोळीही झाली होती. झोपेत दात खातो म्हणजे जंतच, याला मात्र काही आधार नाही म्हणाले. घोरणं, तोंड उघडं टाकून झोपणं, टॉन्सिल, सगळं पाहून झालं.

मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.२, म्हणजे ठीक. पण फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, फक्त १४. अशा पाय झाडणाऱ्या मुलांत तो ५० च्या वर हवा. हिमोग्लोबिन उतरायच्या आधीच साठा आटतो, आणि मेंदूला डोपामाइन, म्हणजे हालचाली सांभाळणारं रसायन, बनवायला लोह लागतं. ते कमी पडलं की पायांना चैन पडत नाही.

बाबा, आता तुमच्या म्हशीच्या दुधाचा विषय. रागावू नका. दुधात लोह नावालाच असतं, आणि पोट दुधानंच भरलं तर पोळीभाजी जाणार कुठे? दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत बस. बशीतला चहा अजिबात नको, तो जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. आई, अळिवाचे लाडू कर, मटकीच्या उसळीवर लिंबू पिळ. पण लाडू खाल्ला म्हणून डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध चुकवू नकोस, नुसत्या खाण्यानं एवढी तूट भरत नाही.

औषध सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. दूध त्यानंतर दोन तासांनी. चूळ भरायला लावा, नाहीतर दातांवर डाग पडतात. शी काळी होईल, घाबरू नका. बाटली मात्र फडताळात वरच्या फळीवर ठेवा. औषध गोड आहे, आणि लोह जास्त पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं.

अजून एक. पोरांच्या नादात दुपारची झोप बुडाली की तो झोपल्यावर तासा-दोन तासांत किंचाळत उठून बसतो. डोळे उघडे, पण ओळखत नाही कुणाला. हलवून जागं करू नका, नुसतं जवळ बसा. थोड्या वेळानं आपोआप निजतो, सकाळी त्याला काही आठवत नाही. आई, मीठ-मोहरी ओवाळायची तर खुशाल ओवाळ, पण तो परत झोपल्यावर.

औषधाला महिना झालाय. पाय अजून हलतात, पण पूर्वीइतके नाहीत. जुलैत परत रक्त तपासायचंय.

लाडू करशील तेव्हा दादाबरोबर थोडे मलाही पाठव.

तुमची,
मनू