मदुराईची सीट मी घेतली आहे

पुणे, ९ जुलै

ती. बाबा आणि आईस सा. न.,

हे फोनवरच सांगणार होते. पण फोनवर आई नुसती 'हं, हं' करते, बाबा दोन वाक्यांत फोन आईकडे देतात, आणि माझ्या तोंडाशी आलेलं परत गिळलं जातं. म्हणून लिहिते. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका, ती लगेच ओळखते.

मदुराईची सीट मी घेतली आहे. मदुराई कामराज विद्यापीठ, एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी. फी गेल्या सोमवारी भरली. त्या दिवशी तुम्ही दोघं बाबांची इको काढायला जळगावला होतात. आईनं फोन उचलला तेव्हा मागून नंबर पुकारत होते आणि माझी मुदत संध्याकाळी पाचची होती. तिथे उभ्या असलेल्या आईला काय विचारू? आणि खरं सांगू, तुम्ही नाही म्हणाला नसतात. 'तुला पटेल ते कर' म्हणाला असतात. नकार परवडला, पण त्या वाक्यानंतर मला महिनाभर झोप लागत नाही. फीचे पैसे माझ्या शिकवण्यांचे आहेत. आजीच्या पाटल्यांचा विषय आता कुणी काढू नका.

मामांशी मी स्वतः बोलेन. त्यांनी माझ्या नोकरीसाठी शब्द टाकला, हे मी विसरलेले नाही. केळीच्या टिश्यू कल्चरची लॅब (बाटलीत रोपं वाढवतात ती), घरून स्कूटीवर अर्धा तास, संध्याकाळी आईच्या हातचं जेवण. कितीतरी रात्री याच हिशोबात गेल्या. पण तिथे मला लॅमिनारसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या त्या पेटीसमोर बसून रोपं कापून बाटल्यांत लावायची आहेत. ते काम गावातल्या बायका माझ्या दुप्पट वेगानं करतात, सुट्टीत जाऊन पाहिलंय मी. मला बाटलीच्या आधीचं काम करायचंय. ज्या कंदापासून हजारो रोपं होणार, तो कंद निरोगी आहे की नाही हे सांगायचं काम.

बाबा, २०२० चं मी उगाळत नाही. पण वरच्या तुकड्यातल्या केळीवर हरण्या, तो विषाणूचा रोग, आला तेव्हा तुम्ही पान उन्हाकडे धरून मला पिवळे पट्टे दाखवले होते, आठवतं? नंतर तीन दिवस तुम्ही आणि दादा झाडं उपटत होतात आणि आई बांधावर डबा घेऊन उभी राहायची, जेवायला कुणी यायचं नाही. मी बारावीत होते. तेव्हा मला वाटलं होतं की औषध फवारलं की झालं. आता माहीत आहे की झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नसतं. मावा किडा तो इकडून तिकडे नेतो आणि रोगट कंद घेतला तर आपणच तो घरी आणतो. रोपं कुठली होती, कुणी दिली, ते मरू दे. पण एलायझा नाहीतर पीसीआर या विषाणू शोधायच्या चाचण्यांनी मातृवृक्ष, म्हणजे ज्याच्यापासून रोपं केली ते झाड, आधी तपासला असता तर रोपांतून रोग आला की नंतर माव्यातून, एवढं तरी कळलं असतं.

दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला आम्ही केळीचा मुनवा, बुंध्याशी फुटतो तो, सोलला. एकेक आवरण काढत आत जायचं, आई केळफूल सोलते तसंच, शेवटी नखाएवढा पांढरा कोंब उरतो. तो हवेत दोन मिनिटं राहिला की काळा पडतो. मॅडमनी विचारलं का, तर मी म्हटलं, वांगं चिरल्यावर पडतं तसं. सगळे हसले, पण उत्तर तेच होतं. आई, तू फोडी मिठाच्या पाण्यात टाकतेस, आम्ही कोंब व्हिटॅमिन सीच्या पाण्यात टाकतो. माझ्या चोवीस बाटल्यांपैकी नऊमध्ये बुरशी आली. त्या रात्री मी तुला फोन करून भरताची कृती विचारली होती. भरत वगैरे काही करायचं नव्हतं गं.

वर्गातलं विचारत होतात ना. दोघीतिघी लसीच्या कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला लागल्या, शिफ्टची ड्यूटी. एक लॅबची केमिकल्स विकतो, एकीनं बी.एड. घेतलं, एक बँकेच्या परीक्षा देतोय. बी.एस्सी.वर सांगितलेला पगार ऐकून बाबा तुम्ही हसला असतात, पुण्याचं खोलीभाडं आणि मेस गेली की उरतो बसचा पास. म्हणून मी जीएटी-बी दिली, बायोटेकच्या एम.एस्सी.ची देशभरची प्रवेश परीक्षा. त्यात साठ प्रश्न बारावीचे, फिजिक्स आणि गणितसुद्धा, म्हणजे तीन वर्षांपूर्वी मी ज्यांच्यापासून पळाले तेच. या परीक्षेतून लागलेल्या एम.एस्सी.ला महिन्याला ५,००० रुपये विद्यावेतन असतं. पुढे नेट-जेआरएफ, संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, निघाली तर महिन्याला ३७,०००. पुढचं आत्ता बोलत नाही. आत्ता दोन वर्षं, एवढंच धरा. आणि मदुराईहून त्रिची दोन-अडीच तासांवर आहे. तिथे केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, फक्त केळीचं! उन्हाळ्यात तिथे प्रोजेक्ट मिळाला तर बघेन.

जेवणाची काळजी नको. भात दोन्ही वेळा असेल, मला भात आवडतो (आवडेल). कळण्याचं पीठ दोन किलो आणि काळा मसाला नेते आहे. हॉस्टेलला मुलींचं वेगळं आवार आहे, वॉर्डन रात्री हजेरी घेतात. भुसावळहून नवजीवन एक्सप्रेस थेट चेन्नईला जाते, तिथून एग्मोरहून रात्रीची पांडियन, सकाळी मदुराई. दादा सोडायला येतो म्हणाला, पण त्याला कापणीच्या दिवसांत ओढू नका. आणि सावद्याच्या आत्यांनी आणलेल्या स्थळाबद्दल दिवाळीला बसून बोलू. मी नाही म्हटलेलं नाही, दिवाळीला म्हटलंय.

आता माझं ऐका. बाबा, इन्सुलिनची बाटली फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठलं की ते गेलं, मग वितळवून टोचण्यात अर्थ नाही. लाईट गेली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माठात सोडा. रोज एकाच जागी टोचू नका, पोटावर गाठ आलीय ती त्यामुळेच. गळ्यात माळ आहे, जनावराचं काढलेलं घेणार नाही म्हणत होतात, तेव्हा मी समजावलं होतं की तो काळ गेला. १९८२ पासून माणसाच्या इन्सुलिनचा जीन जिवाणूत घालून ते बनवतात, आता यीस्टमध्येही. तुम्ही ऐकलंत. बायोटेक शिकून मी केलेलं पहिलं काम तेच समजा. आई, तू गुडघ्याचा पट्टा कपाटात शोभेला ठेवू नकोस. भाऊबीजेला येईन तेव्हा तपासणार आहे.

कांदेबागेची, पावसाळ्यानंतरच्या केळीची, रोपं बुक कराल तेव्हा लॉटच्या विषाणू-तपासणीचा कागद मागा. नाही म्हणाले तर उठून या, ओळखीपाळखीत भिडेला पडू नका.

शनिवारी येते, तीन दिवस राहीन. भरीत खरंच कर.

तुमची,
छकुली

ता. क. सरांना विचारून प्रॅक्टिकलची तीन रोपं आणते आहे. यांची तपासणी झालेली नाही, म्हणून बागेत नाही, परसात. आठवडाभर पेरूखाली सावलीत ठेवायची, पाणी झारीनं, थोडं थोडं. आणि आई, तो मिरच्यांचा वाफा यंदा तिथून हलव. मिरच्यांवर मावा येतो.