पाच नंबरची पाटी

प्रिय सुध्या,

चार महिने पत्र नाही, दे शिव्या. गुडघा आहे तसाच, साखर ताब्यात. आता ऐक, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

वेल्समधलं पेम्ब्रे, ११ फेब्रुवारी १९४९. विमानविरोधी तोफखान्याच्या सरावासाठी उडणाऱ्या, ब्रिटिश हवाई दलाच्या ५९५ स्क्वाड्रनचा नंबर पुसून त्याला ५ दिला. आपलं वायव्य सरहद्दीवरचं, १९४७ ला बंद पडलेलं ५, तेच! त्याच दिवशी ६३१ चं २० झालं, ६९१ चं १७, ६९५ चं ३४. जुन्या घराण्यांची नावं राखायला ही दत्तक पोरं.

पंचाईत मी ५९५ वर लिहितोय त्या टिपणाची आहे. १६०७, १६०८ आणि १६०९ या फ्लाइट, म्हणजे छोट्या तुकड्या, जोडून १ डिसेंबर १९४३ ला ॲबरपोर्थला ५९५ उभं राहिलं. पाडलेली विमानं शून्य, म्हणून पुस्तकांत जेमतेम तीन ओळी. आणि काम बघ. मार्टिनेट विमानाच्या मागे लांब तार, टोकाला तोफांना नेम धरायला कापडी मोजा. तार गुंडाळायच्या काही रहाटांना, म्हणजे विंचना, बाहेर पवनचक्की असायची; पाती वाऱ्याला धरली की तार गुंडाळली जाते. सोडताना सगळी मदार ब्रेकवर. ढिला पडला की तार पिसाटते, एकदम आवळला की झटक्यानं तुटते आणि मोजा गेला. खाली तोफांपाशी प्रेडिक्टर, म्हणजे नेमाचं गणित करणारं यंत्र, असतो. गोळा पोचेपर्यंत विमान त्याच वेगानं सरळ जाणार, असं धरूनच तो गणित मांडतो. वैमानिकाचा हात जरा हलला की गोळा चुकतो, बोलणी खातो तोफखाना! सराव संपला की मोजा ठरल्या जागी टाकायचा. हलक्या बोफोर्स तोफांवाले भोकं मोजणार, जड ३.७ इंची तोफांवाले गोळा किती लांब फुटला ते बघणार.

मोजा ओढणाऱ्या हेन्ली विमानावरून तू अजून त्याच्या मर्लिन इंजिनलाच दोष देतोस का रे? ते आखलं हलकं बॉम्बर म्हणून. ताशी २२० मैलांच्या वर ओढायला लावलं की इंजिन दगा द्यायचं, मोठा मोजा दिला तर आणखीच. इंजिन बंद पडून मोजा वेळेत सुटला नाही की विमानही गेलं. शर्यतीचा घोडा बैलगाडीला जुंपायचा आणि वर घोड्यालाच नावं ठेवायची!

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? चिन्मयची बदली रद्द झाली म्हणे, बरं झालं.

तर सांग, टिपण १९४९ ला संपवू की ५ च्या नावाखाली पुढे नेऊ? आप्पा म्हणतात, पुढे ने. मला पटत नाही. त्या मार्टिनेटवाल्यांचा सरहद्दीशी काय संबंध? लवकर कळव, मजकूर अडलाय.

तुझा,
नंदू